ओडिरिसची जीभ

दालचिनीचं झाड एकच असतं असं समजणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, आणि ती सुखाने जगतात. आमच्या कुरुंदुहेनमध्ये असं कोणी बोललं तर त्याला खुर्ची देतात, गुळाचा खडा आणि कोरा चहा देतात, आणि त्याच्याशी मुलीचं ठरत असेल तर आणखी एक-दोन स्थळं बघून ठेवतात.

आमच्याकडे मधाळ आहे, कडू आहे, तुरट आहे, बुळबुळीत आहे. ही झाली घरची. शिवाय रानातून पाखरांनी आणलेल्या वेगळ्या. एकीच्या पानाला लिंबाचा वास, एकीच्या पानाला कापराचा, आणि एक अशी की तिला काहीच नाही, नुसतीच हिरवी. पाखरं बी टाकताना कोणाला विचारत नाहीत, त्यामुळे जुन्या बागेत हा सगळा गोतावळा एकमेकांत मिसळून उभा असतो. बघून काही कळत नाही. पान तसंच, पानावरच्या तीन शिरा तशाच, कोवळी पालवी तशीच लाल. ओळखायचं तर देठाकडचा तुकडा तोडायचा, चघळायचा, डावीकडे थुंकायचं आणि नाव सांगायचं. हे नाव सांगणारी जीभ गावात एकच होती, ओडिरिस मेंडिसची. त्याच्या आधी ती त्याच्या बापाची, सियादोरिसची होती.

साथीच्या दुसऱ्या वर्षी ही जीभ मेली.

ओडिरिस आणि त्याची बायको आलिसनोना सहा दिवस शेजारीशेजारी चटयांवर पडून होती. मुलगी सुजीवा दाराबाहेर पेजेचं भांडं ठेवून हाक मारून जायची. सातव्या दिवशी ताप उतरला. ओडिरिस उठला, अंगणातल्या झुडपाचं पान तोडून त्याने तोंडात टाकलं आणि चघळत राहिला. काहीच लागेना. त्याला वाटलं, पान शिळं असेल. झाडावरचं पान शिळं कसं असेल हे लक्षात यायला त्याला आणखी सात झुडपं लागली. मग तो घरात येऊन बसला. आलिसनोनाने विचारलं, काय झालं. तो म्हणाला, काही नाही. उत्तर तसं अगदी बरोबर होतं.

त्याने पंधरा दिवस वाट पाहिली, मग महिना. आलं खाल्लं, मिरी खाल्ली, गरम पाण्याची वाफ घेतली. वैद्याकडे मात्र गेला नाही, कारण वैद्याला सांगणं आणि विहाराच्या भोंग्यावरून सांगणं यात आमच्याकडे फारसा फरक नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाकडे दुसरं होतं काय? साल सोलायला खांदा राहिला नव्हता, जमीन वाटून झाली होती. लोक वाटेत थांबून "ओडिरिसमामा, जरा येऊन जाल का" म्हणायचे, ते या जिभेपायी. त्याने ठरवलं की हे कोणालाच कळता कामा नये. बायकोलासुद्धा नाही.

आणि आश्चर्य म्हणजे निभलं. जीभ गेली तरी तोंड शाबूत होतं. तुरट पानाने गाल आत ओढले जातात, बुळबुळीत पान दाताखालून निसटतं, कापराचं पान गार पडतं. यांना ओळखायला चव लागत नाही. घोडं अडायचं मधाळ आणि कडू या दोघींपाशी, आणि लोक बोलवायचे ते नेमके तेवढ्यासाठीच. पण गावातल्या बागा त्याला पाठ होत्या. नवं रोप कोणी दाखवलंच तर तो गंभीरपणे चघळायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "अजून लहान आहे. पुढच्या पावसानंतर बघू." लोक म्हणायचे, काय धीर आहे बघा माणसाला.

घरातलं अवघड होतं. आलिसनोनाने चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं की मीठ बरोबर आहे का. आता ती रोज विचारायला लागली. ताट पुढे ठेवायची, समोर बसायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. ओडिरिसला दरदरून घाम फुटायचा. हिला संशय आलाय, ही परीक्षा घेतेय, असं त्याच्या मनाने घेतलं. तो घास गिळून म्हणायचा, "बरोबर आहे." मग ती सुटल्यासारखा श्वास टाकायची आणि स्वतः जेवायला बसायची. त्या श्वासाचा अर्थ त्याने लावला नाही. माणूस स्वतःचं काही लपवायला लागला की दुसऱ्याचं दिसेनासं होतं.

मिरची तेवढी कळायची, आणि घरातली खोबऱ्याची चटणी महिन्यागणिक जास्तच लाल होत चालली होती. एप्रिलमध्ये नववर्षाला सुजीवा आणि जावई आले. जावई पहिल्या घासानंतर तीन पेले पाणी प्यायला. सुजीवा म्हणाली, वाटेत खाल्लंय, भूक नाही. ती दोघं दुपारीच निघून गेली. ओडिरिस बायकोला म्हणाला, हल्लीच्या पोरांना घरचं जेवण नको असतं. आलिसनोना म्हणाली, नाहीतर काय.

दर महिन्याच्या सतरा तारखेला विहारात भोजनदान करायची पाळी त्यांच्या घरची होती. भात, डाळ, दोन भाज्या, चटणी, सगळं डोक्यावर घेऊन आलिसनोना टेकडी चढायची. रतनजोती भन्ते जेवायचे आणि म्हणायचे, "सुखी व्हा." दानाच्या अन्नाला भिक्खूने बरं म्हणायचं नसतं आणि वाईटही म्हणायचं नसतं, त्यामुळे तिकडून काही बातमी येण्याचा प्रश्न नव्हता.

मग विहाराच्या बागेचं निघालं.

विहाराच्या मागच्या उतारावर दालचिनीची बाग आहे, तीनशेच्या आसपास झुडपं. तीस वर्षं बाहेरगावचे सोलणारे येऊन तिथली साल काढून नेत, त्यामुळे ही एकच बाग ओडिरिसला पाठ नव्हती. विहाराला दान देणाऱ्यांच्या दायक सभेचे चिटणीस सिरिवर्धन मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळं सरळ रेषेत हवं असायचं. त्यांनी सभेत मांडलं की विहाराच्या मालात कडू साल फार येते, घेणारे नाकं मुरडतात, बाग म्हणजे नुसतं धर्मशाळेचं आवार झालंय. तेव्हा चांगली झुडपं ठेवावीत, बाकीची समूळ खणावीत आणि तिथे एका जातीची रोपं ओळीने लावावीत. रविवारी श्रमदान, घरटी एक माणूस आणि एक कुदळ. कोणती खणायची ते ओडिरिसने आदल्या दिवशी दोरा बांधून दाखवावं. खणायचीच थोडी असणार, म्हणजे दोराही कमी लागेल. मास्तरांनी हेही आधी काढून ठेवलं होतं.

मास्तर आणि ओडिरिस यांचं जुनं होतं. मास्तर नवीन नोकरीला लागले तेव्हा एकदा सियादोरिसने दिलेलं पान चघळून ऐटीत म्हणाले होते, "कडू." म्हातारा सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, थुंकायची भारी घाई तुम्हाला." लोक हसले. पंचेचाळीस वर्षं झाली, पण मास्तर अजून त्या हसण्याचा हिशेब ओडिरिसकडून चुकता करायला बघत. "मेंडिसांच्या जिभेवर गाव चालतं," असं ते म्हणायचे, आणि ती स्तुती नव्हती.

पण ओडिरिसला खरी धास्ती होती ती मास्तरांची नव्हे. त्याच उतारावर कुठेतरी सियादोरिसने लावलेलं झुडूप होतं. सात वर्षांचा असताना बापाने त्याला तिथे नेलं होतं आणि एक पान तोंडात दिलं होतं. आधी कडू लागलं. त्याने थुंकून तोंड वाकडं केलं. बाप म्हणाला, "बोलू नकोस. दहापर्यंत मोज." सातव्या-आठव्या अंकाला घशातून गोड वर आलं, असं गोड की तो मोजायचं विसरला. बाप म्हणाला, "ही लक्षात ठेव. बाकी सगळ्या हिच्यावरून मोजायच्या." ही गोष्ट ओडिरिसने कोणाला सांगितली नव्हती. त्याच्या धंद्याचं भांडवलच ते होतं. खूण म्हणून तेव्हा एक दगडी भिंत होती. ती भिंत दरडीबरोबर खाली गेली, त्यालाही वीस वर्षं झाली. आता तीनशे बुंध्यांमधलं ते एक कोणतं, हे फक्त जिभेने कळलं असतं.

शनिवारी सकाळी तो विहारात गेला. बरोबर आलिसनोना होती, चूळ भरायला पाण्याची घागर घेऊन. मास्तर वही घेऊन हजर होतेच. दोरा मात्र ते विसरले होते. भन्ते म्हणाले थांबा, आत गेले आणि कपाटातून दोऱ्याचा एक भलामोठा पांढरा गुंडा घेऊन आले. मास्तरांनी तो हातात घेऊन लांबी पुरेल की नाही तेवढं बघितलं आणि ओडिरिसकडे दिला. मग त्यांना पंचायतीत काम होतं म्हणून ते गेले. भन्ते म्हणाले, "सावकाश करा, उपासक." एवढं बोलून ते झाडू घेऊन बोधीवृक्षाकडे गेले.

पहिली पाच झुडपं बरी गेली. तुरट निघाली, बुळबुळीत निघाली, एक कापराचं निघालं. सहाव्या झुडपाला तोंडात नुसता पाला. ओडिरिसने बराच वेळ चघळलं. मग पान बायकोपुढे धरलं आणि सहज बोलावं तसं म्हणाला, दोन जिभा बऱ्या, तूही बघ जरा. आलिसनोनाने पान तोंडात टाकलं, हनुवटी वर करून चघळलं.

"कशी वाटते?" त्याने विचारलं.

"तुम्हाला वाटते तशीच."

"मला काय वाटतं ते सोड. तुला काय वाटतं?"

"माझं काय मेलं त्यात. तुम्ही म्हणाल ते."

पुढच्या झुडपालाही हेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. ऊन वर आलं. अकराव्या झुडपापाशी ओडिरिस बुंध्याजवळ खाली बसला. हातात गुंडा होता आणि बांधायचं सगळं शेवटी एकदम ठेवल्यामुळे गुंड्यातून एक हातभरही दोरा अजून सुटला नव्हता. उद्या चाळीस कुदळी येणार होत्या. त्याने बांधलं तर त्यातल्या एखादीखाली बापाचं झुडूप जाणार होतं, आणि नाही बांधलं तर मास्तर विचारणार होते, का नाही. त्याला एकाएकी सगळ्याचा वीट आला.

"आलिसनोना," तो म्हणाला, "मला चव लागत नाही. तापापासून लागत नाही."

ती उभीच होती. तिने घागर खाली ठेवली, त्याच्या शेजारी बसली आणि पदर नीट केला.

"मलाही नाही," ती म्हणाली.

दोघांनी थोडा वेळ समोरच्या झुडपाकडे बघितलं. त्यात बघण्यासारखं विशेष काही नव्हतं.

"म्हणजे मीठ," ओडिरिस म्हणाला.

"अंदाजाने टाकत होते. तुम्ही बरोबर म्हणायचात."

"मला वाटलं, तू माझी परीक्षा घेतेस."

"परीक्षा कसली घेते, मी जीव मुठीत धरून बसायचे. सासुरवास झाला तेवढा पुरे होता, म्हातारपणी स्वयंपाक गेला म्हणून गावभर कशाला व्हायला हवं."

मग त्या दोघांनी सुजीवा आणि जावयाची आठवण काढली, तीन पेले पाण्याची आठवण काढली, आणि आलिसनोनाने तोंडात पदर कोंबला. ती हसतेय की रडतेय ते ओडिरिसला पटकन कळेना. तिलाही ते नीट ठाऊक नसावं. अकरा महिने एका घरात, एका चटणीवर, दोघं एकमेकांना भीत जेवत होती. ओडिरिसने तिचा हात धरला. असं त्याने बागेत, दिवसाउजेडी, पूर्वी कधी केलं नव्हतं.

सावरल्यावर आधी भानावर आली ती आलिसनोना. तिने त्याच्या हातातला गुंडा घेतला, दोऱ्याचं टोक बोटांत धरून बघितलं आणि कपाळाला लावलं.

"हा पिरिताचा आहे," ती म्हणाली.

होताच. भिक्खूंचा वर्षावास संपल्यावर रात्रभर पिरित, म्हणजे रक्षणाच्या सूत्रांचं पठण होतं, तेव्हा हाच दोरा पाण्याच्या कलशापासून सगळ्या माणसांच्या हातांतून फिरवतात, आणि सकाळी तुकडे करून मनगटाला बांधतात. बांधलेला दोरा कोणी तोडत नाही. झिजून आपोआप पडेपर्यंत राहू देतात. मास्तरांच्या मनगटालासुद्धा होता, काळा पडून चिंधी झालेला.

आलिसनोना म्हणाली, सगळ्यांना बांधा. ओडिरिस म्हणाला, वेडी की काय, सगळी खणतील. ती म्हणाली, बघू तर खरं कोण कुदळ उचलतो. आणि स्वतःच उठून तिने पहिल्या झुडपाला तीन पदरी गाठ मारली. चार वाजेपर्यंत तीनशे झुडपं बांधून झाली. गुंडा जेमतेम पुरला.

रविवारी सात वाजता चाळीस-बेचाळीस माणसं जमली. बायकांनी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. मास्तर शिटी घेऊन आले होते. सगळे बागेच्या तोंडाशी गेले आणि तिथेच थांबले. उतारभर पांढरे दोरे होते. पुढच्या माणसाने कुदळ खांद्यावरून उतरवून जमिनीवर आडवी ठेवली आणि हात जोडले. मागच्यांना दिसत नव्हतं, पण त्यांनीही जोडले.

मास्तरांनी शिटी वाजवली. कोणी हललं नाही. मास्तर म्हणाले, चला, दोरा बांधलाय ती खणायची. एकजण म्हणाला, "मास्तर, हा पिरिताचा दोरा." मास्तर म्हणाले, "दोरा तो दोरा." असं म्हणताना त्यांनी आपला दोरा बांधलेला हात मागे घेतला, हे सगळ्यांनी बघितलं.

मग ते ओडिरिसकडे वळले. तीनशेच्या तीनशे कडू? विहाराच्या जमिनीत एकही मधाळ नाही? मेंडिसांची जीभ एवढी थोर, तर तिला एक झुडूप चांगलं सापडू नये? ओडिरिस बुंध्यांवरून नजर फिरवत राहिला. त्यामुळे मास्तर जास्तच तापले. कोणीच करत नसेल तर मी करतो, म्हणून त्यांनी जवळची कुदळ उचलली आणि पहिल्या ओळीतल्या एका झुडपाशी जाऊन पाय रोवले. कुदळ डोक्यावर गेली.

ते झुडूप कोणतंही असू शकत होतं. ओडिरिस पुढे झाला आणि बुंध्यासमोर उभा राहिला.

"नका मारू, मास्तर. मला चव लागत नाही. वर्ष होत आलं. मी सगळ्यांना फसवलं. हे झुडूप कडू आहे की माझ्या बापाचं आहे, मला माहीत नाही."

कुदळ वरच राहिली. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कोणाच्या तरी मनात पुढच्या पावसानंतर बघायची राहिलेली रोपं आली असणार. आलिसनोना चहाच्या पातेल्यापासून उठून आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली.

"मलाही लागत नाही," ती म्हणाली. "एकट्याला बोलू नका."

आतापर्यंत भन्ते झाडूला टेकून उभे होते. ते म्हणाले, "उपासिका, तुमच्या दानाची तारीख सतरा. मला अकरा महिन्यांपासून ठाऊक आहे."

हे ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. आलिसनोना लाजेने मेल्यासारखी झाली. मग भन्ते मास्तरांना म्हणाले की हात दुखेल, कुदळ खाली घ्या, आणि ओडिरिसला नाही कळत तर तुम्ही सांगा की. तुम्हालाही जीभ आहे.

मास्तरांनी कुदळ खाली घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. पंचेचाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं समोर वाढून ठेवलेलं होतं, आणि समोरचा माणूस बायकोचा आधार घेऊन उभा होता. त्यांनी पान तोडलं, चघळलं, डावीकडे थुंकले. म्हणाले, "कडू."

"थांबा," ओडिरिस म्हणाला. "नाव लगेच सांगू नका. दहापर्यंत मोजा."

"ते कशाला?"

"मोजा तर. तुमच्या मनात मोजा."

मास्तरांनी मोजलं. अख्खं श्रमदान मोजत उभं राहिलं. मास्तर म्हणाले, "कडूच." ओडिरिस पुढच्या झुडपाकडे गेला.

असं सुरू झालं. मास्तर चघळत, थुंकत, मोजत आणि सांगत. पंधराव्या झुडपापर्यंत लोकांनाही राहवेना, सगळेच चघळायला लागले आणि भांडणं सुरू झाली. एक म्हणाला मधाळ, त्याची बायको म्हणाली कडू, शेजारी म्हणाला तुम्हा दोघांना लिंबू कळत नाही का. पण मास्तर चुकत नव्हते. तुरट तर ओडिरिसला स्वतःच्या गालांवरून कळत होतं, आणि मास्तर प्रत्येक वेळी तेच म्हणत. बुळबुळीतही तेच. मास्तरांची जीभ चांगली होती. नुसती चांगली नाही, फार चांगली होती, आणि ती आयुष्यभर खडूची धूळ चाटत बसली होती. ओडिरिसला बापाचा राग आला. त्या दिवशी म्हाताऱ्याने हसू करायच्या ऐवजी फक्त मोजायला सांगितलं असतं, तर गावात दोन जिभा झाल्या असत्या.

चहा झाला. मास्तरांच्या वहीत सहा जाती भरल्या. सातव्या जातीला गावात नावच नव्हतं, ती नुसतीच हिरवी. मास्तरांनी तिच्यापुढे काही न लिहिता रेघ मारली. शंभर झुडपं झाली. दीडशे झाली. लोक गवत काढायला लागले, कारण कुदळी आणल्याच होत्या. ओडिरिस मास्तरांच्या मागे मागे होता आणि त्याचे पाय भरून आले होते. दर वेळी थुंकणं, दर वेळी मोजणं, दर वेळी "कडूच". कदाचित दरडीबरोबर झुडूपही गेलं असेल, असं त्याच्या मनात यायला लागलं.

खालच्या अंगाला, आंब्याच्या ओंडक्याजवळ, एक जुनाट बुंधा होता. मास्तरांनी पान चघळलं आणि तोंड वाकडं केलं. थुंकले. "ही तर पक्की क..." म्हणाले आणि ओडिरिसकडे बघून थांबले. मोजायला लागले. ओडिरिसही मनात मोजत होता. दहा झाले. वीस झाले असतील. मास्तरांनी चष्मा काढला आणि तो लुंगीसारख्या गुंडाळलेल्या आपल्या सारोंगने पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"मास्तर," ओडिरिस म्हणाला.

"हीच होती," मास्तर म्हणाले. "त्या दिवशी त्यांनी मला दिली होती ती हीच. मी थुंकलो आणि बोललो. थांबलोच नाही."

"गोड आहे?"

"गोड आहे, ओडिरिस."

ओडिरिस बुंध्याशी बसला. दोऱ्याची गाठ आलिसनोनाने मारलेली होती, तीन पदरी. त्याने एक पान तोडलं, देठाकडचा तुकडा दातांनी काढला आणि चघळायला लागला. त्याला माहीत होतं की काही लागणार नाही, आणि काही लागलं नाही. आलिसनोनाही येऊन बसली. तिनेही एक पान घेतलं. मास्तर उभे होते, त्यांना ओडिरिसने हाताला धरून खाली बसवलं.

"कुठे लागतंय?" त्याने विचारलं.

"आधी जिभेच्या मुळाशी. मग घशात."

"उतरतंय की चढतंय?"

मास्तरांनी डोळे मिटले. "चढतंय."

"बरोबर," ओडिरिस म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. "हिचं चढतंच. आता सांगत राहा. संपेपर्यंत सांगत राहा."

मास्तर सांगत राहिले.